पिवळी टोपणं

मोठ्या सिस्टरांच्या पाळीत पेशंट पडत नाही, अशी त्यांची ख्याती होती. पडत नाही म्हणजे खाटेवरून नव्हे, बीपी पडत नाही. डायलिसिसच्या खोलीत दिवसभर हा एकच शब्द चालतो. चार नंबर पडला का, सहा नंबर पडतोय, बघा जरा. बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटावं, इथे माणसं रांगेने कोसळताहेत. आणि खरं सांगायचं तर तसंच असतं. चार तासांत मशीन अंगातलं दोन-तीन लिटर पाणी ओढून घेतं. तिसरा तास लागला की कोणी जांभया द्यायला लागतं, कोणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कोणाचे डोळेच फिरतात. मग पाय वर करा, मशीन मंद करा, सलाईन सोडा, अशी धावपळ सुरू होते.

मोठ्या सिस्टरांच्या पाळीत ही धावपळ नसायची. बावीस वर्षं त्यांनी ह्या आठ खाटांच्या खोलीत काढली होती. जिभेने तिखट आणि सुईला हलक्या, असं पेशंट त्यांच्याबद्दल म्हणत. कोणी पाणी जास्त पिऊन आलं की त्या त्याची अशी काही हजेरी घेत, की शेजारच्या खाटेवरचा माणूसही आपला ग्लास लपवायचा. पण पहिली जांभई आली की कपाटाकडे जाणाऱ्याही त्याच. कपाटात खालच्या फळीवर बाटल्या होत्या, पिवळ्या टोपणाच्या.

खोलीत तिला 'जाड बाटली' म्हणत. छापलेलं नाव लांबलचक होतं, ते कोणाच्या तोंडी बसलं नव्हतं. साधं सलाईन मऊ पिशवीत यायचं. ते पातळ असतं, रक्तात शिरतं आणि आल्या पावली झिरपून जातं. जाड बाटलीतलं पाणी रक्तात टिकून राहायचं आणि दहा मिनिटांत बीपी वर यायचं. खोलीचे मुख्य डॉक्टर, म्हणजे सर, काही वर्षांपूर्वी गडबडीत जाताजाता म्हणाले होते की बीपी पडलं की एक जाड लावत जा, दरवेळी मला विचारत बसू नका. तेवढ्या एका वाक्यावर खोली चालली होती. लेखी काही नव्हतं, आणि कोणी मागितलंही नव्हतं.

आता ही बाटली कागदावर कुठे लिहायची, ते नीट समजून घ्या, कारण सगळं पुढचं रामायण तिथेच आहे. पेशंटच्या तक्त्यात वर औषधांचा रकाना असतो आणि खाली पाण्याचा. जाड बाटली सगळेजण पाण्यात लिहायचे. 'आत पाचशे', बस. मग मशीनला सांगायचं, की बाई, पाचशे जास्त ओढ. चार तासांनी पेशंटचं वजन केलं की बरोबर उतरायचं. आत पाचशे, बाहेर पाचशे, मिटलं. असं ह्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटायचं आणि मोठ्या सिस्टरांना सगळ्यांत जास्त वाटायचं.

बाकीच्यांना महिन्याकाठी एखादी बाटली लागे. चार नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांना मात्र जवळजवळ दरवेळी लागायची.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शर्ट-पँटचं दुकान, वय छप्पन्न, अंगाने काटकुळे, आणि बीपी मुळातच तोळामासा. आठवड्यातून तीन दिवस सकाळी यायचे. गळ्यातली टेप काढून उशीखाली ठेवायची, हात पुढे करायचा आणि डोळे मिटायचे, असा त्यांचा क्रम. तिसऱ्या तासाला ते म्हणत, "सिस्टर, माझी शिलाई उसवायला लागली." सिस्टर बाटली काढत, अंगठ्याने टोपण उडवत आणि टोपण मास्तरांच्या मोकळ्या तळहातावर ठेवत. ते मास्तर घरी न्यायचे. गोल, गुळगुळीत, मधोमध जरासं खोलगट. त्याला चार भोकं पाडली की कोटाचं बटण होईल, असं त्यांचं मत होतं. एकही बटण कधी झालं नाही, पण दुकानातल्या काचेच्या बरणीत टोपणं साठत गेली. टेलर माणूस, चिंधी फेकत नाही तो टोपण काय फेकणार?

ह्या मास्तरांचं नशीब उघडायच्या बेतात होतं. त्यांची धाकटी बहीण त्यांना किडनी द्यायला तयार झाली होती. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, तिच्या नवऱ्याने, म्हणजे मास्तरांच्या मेहुण्यांनी, कुरकुरत का होईना पण सही दिली. मोठ्या हॉस्पिटलच्या कमिटीने फाइल बघून तारीख द्यायची तेवढी बाकी होती. मास्तरांनी खाटेवर पडल्यापडल्या सांगून टाकलं होतं, की किडनी बसली की पहिल्या दिवशी मी तांब्याभर पाणी पिणार, आणि तेही तुमच्यासमोर. सिस्टर म्हणाल्या होत्या, "प्या, मी स्वतः ओतून देते."

आणि नेमकं तेव्हाच मास्तरांचं पोट वाढायला लागलं.

पहिल्यांदा ते त्यांच्याच लक्षात आलं. लोकांची कंबर मोजण्यात जन्म गेलेला, त्यांना स्वतःची कळणार नाही? चौतीसची छत्तीस झाली. सिस्टरांनी निदान करून टाकलं की तुम्ही चोरून पाणी पिता. मास्तरांनी शपथ घेतली. मशीनने जास्त पाणी ओढलं, तर पाय काटक्यांसारखे झाले, गाल बसले आणि पोट तिथेच. जास्त ओढलं म्हणून बीपी जास्त पडलं आणि बीपी पडलं म्हणून कधीकधी एकाच्या जागी दोन बाटल्या लागल्या. छत्तीसची अडतीस झाली.

सोनोग्राफी केली. लिव्हर भलं मोठं झालेलं, आणि पोटात पाणी. त्याबरोबर कागदावर पहिला प्रश्न आला, तो सगळीकडे येतो तोच. दारू पिता का?

मास्तर खरं बोलायला गेले आणि फसले. म्हणाले, प्यायचो, मुलगी झाली त्या दिवशी सोडली, तिला आता सव्विसावं लागलंय. ऐकणाऱ्याने 'प्यायचो' एवढंच ऐकलं. काविळीच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, तसा संशय आणखी पक्का झाला, कारण दुसरं काही सापडेना. कमिटीने फाइल बाजूला ठेवली. लिव्हरचं कारण कळल्याशिवाय किडनी बसवणार नाही, आणि माणूस पीत असेल तर कधीच बसवणार नाही, असं कळवलं. मेहुण्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. माझ्या बायकोची किडनी काय गुत्त्यात टाकायला आहे का, असं ते चार माणसांत बोलले. धाकटी बहीण फोन उचलेनाशी झाली. मास्तरांची बायको, सिस्टर तिला वहिनी म्हणत, पूर्वी मास्तरांना पोचवायला यायची आणि दारात उभी राहून दोन शब्द बोलायची. आता ती मास्तरांना रिक्षातून उतरवून बाहेरूनच परत जायची.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण त्यावेळी मोठ्या सिस्टरसुद्धा फाशी देणाऱ्यांच्याच बाजूला होत्या. एकदा सुया टोचायला वाकल्या असताना त्यांनी मास्तरांच्या तोंडाचा वास घेतला. अगदी हळूच, नाकाने श्वास ओढून. बावीस वर्षांत त्यांनी कोणा पेशंटचा असा वास घेतला नव्हता. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते.

"आला का वास?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी चिकटपट्टी लावली आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली, पण संशय काही गेला नाही.

चाळीस इंचांवर मास्तरांना श्वास पुरेना. तेव्हा पोटात सुई घालून साडेचार लिटर पाणी काढलं. एवढं पाणी काढल्यावर बीपी धाडकन खाली येणारच. सिस्टरांनी लागोपाठ दोन जाड बाटल्या लावल्या. मास्तर त्या दिवशी चालत घरी गेले. पंधरा दिवसांत पोट परत तेवढंच. पुन्हा सुई, पुन्हा बाटल्या. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी सिस्टरांना वाटे, आज आपण ह्यांना वाचवलं.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलातल्या लिव्हरच्या मॅडमनी फाइल हातात घेतली. मॅडम म्हणजे पस्तिशीची, कमी बोलणारी बाई. त्यांनी लिव्हरचा बारीकसा तुकडा तपासायला काढला. आठवड्याने त्या स्वतः डायलिसिसच्या खोलीत आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, की ही दारू नाही, दारूचं लिव्हर असं दिसत नाही. ह्यांच्या पेशी कशानेतरी गच्च भरल्यात, फेस भरल्यासारख्या. बाहेरून काहीतरी अंगात जातंय आणि तिथे साठतंय. ह्यांना इथे काय काय देता?

सिस्टरांनी तक्ता काढला आणि औषधांचा रकाना वाचून दाखवला. रक्त वाढायचं इंजेक्शन, लोह, रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध, कॅल्शियमच्या गोळ्या. मॅडमनी विचारलं, शिरेतून आणखी काही? सिस्टर म्हणाल्या, एवढंच. हे त्या खोटं बोलल्या नाहीत. पाणी हे काही औषध नव्हतं. मॅडमनी टिपून घेतलं, मान हलवली आणि निघून गेल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळसा काखेत आहे हे माहीत असेल तर ना.

दोन दिवसांनी मास्तर खाटेवर होते. तिसरा तास लागला. बीपी ऐंशी. मास्तर म्हणाले, शिलाई उसवतेय. सिस्टर कपाटाशी गेल्या, बाटली काढली, खाटेशी आल्या, अंगठ्याने टोपण उडवलं, आणि मास्तरांनी सवयीने तळहात पुढे केला. त्या तळहाताकडे बघताबघता सिस्टरांच्या डोक्यात मॅडमचं वाक्य आलं. बाहेरून काहीतरी अंगात जातंय.

त्या तिथेच थांबल्या. टोपण त्यांच्या बोटांत होतं. मग त्यांनी बाटली बाजूला ठेवली, मास्तरांचे पाय उशीवर घेतले, मशीन मंद केलं आणि साधं सलाईन सोडलं. मास्तरांना कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी विचारलं, आज जाड का नाही? सिस्टर म्हणाल्या, थांबा जरा.

बाटल्यांच्या खोक्यात प्रत्येक बाटलीमागे एक घडी घातलेला कागद येतो. खोलीत त्याचा उपयोग चहाचे पेले ठेवायला व्हायचा. सिस्टरांनी पेल्याखालचा एक कागद काढला, तपकिरी डाग पडलेला, आणि चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरून वाचला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. आत काय आहे ते लिहिलं होतं, आणि कोणाला देऊ नये तेही. किडनी निकामी झालेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना देऊ नये. दिल्यास यकृतात साठण्याची शक्यता. सिस्टरांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही तेच होतं.

त्या स्टूल ओढून मास्तरांच्या खाटेशी बसल्या. एवढ्या वर्षांत त्या कामाच्या वेळात कोणाशेजारी बसल्या नव्हत्या. मास्तरांचं बीपी नव्वदवर आलं होतं.

"मास्तर, ह्या बाटलीत पाण्यात स्टार्च असतो," त्या म्हणाल्या.

"स्टार्च? म्हणजे खळ? कॉलरला घालतो ती?"

"तशीच. जरा वेगळी केलेली. ती रक्तात पाणी धरून ठेवते, म्हणून बीपी वर येतं."

मास्तर आढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पाणी तुम्ही मशीनने काढून घेता."

"हो."

"मग खळ कुठे जाते?"

 मास्तरच बोलले. "सिस्टर, कपड्याला खळ घातली की पाणी वाळून जातं. खळ कापडातच राहते. माझ्याकडचं पोरगंही सांगेल हे." मग त्यांनी आपल्या पोटावर हात फिरवला, इस्त्रीच्या कपड्यावरून फिरवतात तसा, आणि त्यांना हसू आलं. "म्हणजे माझ्या लिव्हरची कॉलर झाली म्हणायची."

सिस्टरांना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या तशाच उठून टेबलाशी गेल्या.

संध्याकाळी त्यांनी सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेला माणूस वाईटाच्या फार लांब नसतो. ते म्हणाले, अहो, ही बाटली सगळीकडे लावतात, आधी खात्री करू, उगीच गाजावाजा नको. ह्यापुढे मास्तरांना लावू नका, संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सिस्टरांनी विचारलं, की मग मॅडमना कोण सांगणार? कारण त्यांना सांगितलं नाही तर फाइलवर कारण लिहिलं जाणार नाही, आणि कारण लिहिलं नाही तर मास्तर दारुडेच राहणार आणि किडनी गेलीच. सर म्हणाले, "मी तुम्हाला लेखी दिलं होतं का कधी?"

ह्याचा अर्थ सिस्टरांना बरोबर कळला. बाटली कोणी लावली? त्यांनी. कोणाच्या हुकमाने? कागदावर कोणाच्याच नाही. बावीस वर्षांची ख्याती एका रकान्यात उभी होती. त्या घरी गेल्या, जेवल्या नाहीत, आणि सकाळी ड्यूटीवर न जाता मोठ्या हॉस्पिटलात जाऊन मॅडमच्या दाराबाहेर बाकावर बसल्या. मॅडम आल्यावर त्यांनी चहाच्या डागाचा कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, की हे मी तुम्ही आलात तेव्हाच सांगायला हवं होतं. हे आम्ही पाण्यात लिहितो.

मॅडमनी कागद वाचला. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, आणि त्याचंच सिस्टरांना जास्त लागलं. एवढंच विचारलं, किती बाटल्या? तक्त्यावर सापडेल? सिस्टर म्हणाल्या, नाही सापडणार. तक्त्यावर नुसतं 'आत पाचशे' आहे. सलाईनचं पाचशे कुठलं आणि जाड बाटलीचं कुठलं, ते देवालाच ठाऊक. मॅडम म्हणाल्या, अंदाजावर कमिटी ऐकणार नाही, काहीतरी आकडा लागेल. तेव्हा सिस्टरांना मास्तरांची टोपणांची बरणी आठवली. सलाईनच्या पिशवीला टोपण नसतं.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनी, भिंतीवर अर्धे शिवलेले शर्ट हँगरला. मास्तर आत पडले होते. मशीनवर वहिनी होती. मास्तरांचं पोट वाढल्यापासून दुकान तीच ओढत होती. सिस्टरांना बघून तिने पाय थांबवला, पण उठली नाही. सिस्टरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठलीही सारवासारव न करता, बाटली मी लावली, प्रत्येक वेळी मीच लावली, असं सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं. मग फळीवरची बरणी काढली आणि कापायच्या टेबलावर उपडी केली. पिवळी टोपणं घरंगळत कात्रीपर्यंत गेली.

दोघी बायका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून मोजायला लागल्या. दहादहाचे ढीग केले.  मोजायला बराच वेळ लागला, कारण सिस्टरांचा हात मध्येच थांबत होता. एकवीस ढीग झाले आणि वर तीन. दोनशे तेरा.

वहिनी त्या ढिगांकडे बघत म्हणाली, "वर्षभर मी ह्यांच्या कपड्यांच्या घड्यांमागे दारू शोधत होते."

तिने टोपणं परत बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी सिस्टरांच्या हातात दिली. या, बसा, पाणी घ्या, काही नाही. सिस्टरांनी ते अपेक्षितही धरलं नव्हतं.

मॅडमनी अहवाल लिहिला. दोनशे तेरा बाटल्या, सतरा महिने, कारण स्टार्चचा साठा, दारूशी संबंध नाही. वहिनीने त्याची झेरॉक्स काढली आणि मेहुण्यांच्या घरी नेऊन दिली. मेहुण्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. माफीबिफी मागितली नाही, ते त्यांच्या रक्तातच नव्हतं. पण पुढच्या खेपेला मास्तरांना पोचवायला धाकटी बहीण आली होती. कमिटीने सांगितलं, वर्षभर थांबू. बाटली बंद झाल्यावर शरीर थोडाथोडा साठा विरघळवतं, कोणाचा विरघळतो, कोणाचा नाही. पोट उतरलं, लिव्हर सुधारलं तर बघू. सिस्टरांना खोलीच्या मुख्य पदावरून सहा महिने काढलं. सरांनी त्यांच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. पण पिवळ्या टोपणाच्या बाटल्या कपाटातून गेल्या, आणि तक्त्यात पाण्याच्या रकान्यापुढे 'कोणतं?' असा नवीन रकाना आला. तो सिस्टरांनी पट्टीने आखला होता.

खरा कस पुढेच लागला. जाड बाटली नाही म्हटल्यावर मास्तर दरवेळी पडायला लागले, आणि तेही मोठ्या सिस्टरांच्या पाळीत. मशीनमधलं पाणी गार ठेवलं, ओढायचा वेग कमी केला, तीनचे चार दिवस केले, तरी तिसऱ्या तासाला पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. एकदा मास्तर कळवळून म्हणाले, एक लावा हो, एकीने काय होतंय, माझ्या जिवावर लावा. सिस्टर त्यांचा पाय दोन्ही हातांनी दाबून धरून बसल्या होत्या. त्या नाही म्हणाल्या. मास्तरांनी त्यांना शिव्या घातल्या. सगळ्या खोलीने ऐकल्या. सिस्टर पाय सोडेनात. इतकी वर्षं ज्या हातांनी झटक्यात आराम दिला, त्या हातांनी आता गोळा जाईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं होतं. ते त्यांना बाटली लावण्यापेक्षा कितीतरी जड गेलं.

निघताना मास्तर टेप काढायचे आणि सिस्टरांनी बेंबीवरून माप घ्यायचं. दोन महिने चाळीसच होती. मग एकदा साडेएकोणचाळीस आली. सिस्टरांनी टेप सैल धरली असेल म्हणून पुन्हा घेतली. साडेएकोणचाळीसच. मास्तर म्हणाले, माप ओढूनताणून घेऊ नये, गिऱ्हाईक बोंबलतं. अडतीसला चार महिने गेले. सुई घालून पोटातलं पाणी काढायची वेळ मात्र परत आली नाही. छत्तीसला कमिटीने फाइल पुन्हा उघडली.

सोळा महिन्यांनी धाकटीची किडनी मास्तरांना बसली. आणि चालली. सिस्टर तिथे नव्हत्या, त्यांना फोनवर कळलं. तांब्याभर पाणी पिण्याचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही.

महिन्याने सकाळच्या पाळीत दारात वहिनी उभी राहिली. पहिल्यांदाच एकटी, आणि दारातच न थांबता आत आली. मॅडमकडून परत आलेली बरणी तिच्या हातात होती. तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, की मास्तर सांगताहेत, नवीन मुली कामाला लागल्या की सुई हातात द्यायच्या आधी त्यांना ही मोजायला लावा. सिस्टर बरं म्हणाल्या. वहिनी जायला निघाली आणि परत वळली.

"मोजाल तेव्हा दोनशे बाराच भरतील. एक मी ठेवून घेतलंय."

सिस्टरांना वाटलं, आता बोलून घेईल. बोलू दे, तिचा हक्क आहे. त्या खाली बघून म्हणाल्या, "ठेवा. माझी चूक विसरण्यासारखी नाहीच."

"तुमच्या चुकीसाठी नाही ठेवलं," वहिनी म्हणाली. "हे झोपले की मी रोज ह्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. हे जागे असायचे. मला आत्ता सांगितलं त्यांनी."

सिस्टरांनी स्टूल पुढे ओढलं. वहिनी बसली. तिसरा तास लागला होता, सहा नंबरला जांभया यायला लागल्या होत्या. सिस्टर त्याचे पाय उशीवर घ्यायला उठल्या आणि जाताजाता म्हणाल्या, बसा, आलेच मी.